टाकी भरली, आता भागाकार

रायपूरच्या बुढापाऱ्यात, बुढा तलावाच्या कडेने सकाळी आठच्या आत गेलं की गल्लीगल्लीतून पिकअप बाहेर पडताना दिसतात. एकीत मंडपाचे पाइप आणि खुर्च्यांच्या चळती, दुसरीत केटरिंगची पातेली, तिसरी रिकामीच, डुमरतराईच्या ठोक बाजारातून किराणा उचलायला निघालेली. यांच्यापैकी कुठल्याही मालकाला विचारा, गाडी एव्हरेज किती देते? उत्तर लगेच येतं आणि नेहमी गोल आकड्यात येतं. बारा. तेरा. ‘चौदा, लेकिन हायवे पर’. हा आकडा काढला कसा, असं विचारलं की मात्र बोलणं अडखळतं. कोणी शोरूममध्ये ऐकलेला आकडा धरून बसलेला असतो, कोणी गाडी नवी असताना एकदा काढलेला, तर कोणी डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघून अंदाजाने बांधलेला.

घरच्या गाडीचं असं चालून जातं. भाड्याच्या गाडीचं चालत नाही, कारण खेपेचा दर याच आकड्यावर ठरतो. डिझेल लिटरला 95 रुपये धरलं, तर बाराच्या एव्हरेजला किलोमीटरमागे 7 रुपये 92 पैसे जातात आणि दहाच्या एव्हरेजला साडेनऊ रुपये. रायपूरहून नागपूरला जाऊन यायचं म्हणजे सुमारे 580 किलोमीटर. तेवढ्या एका खेपेत हा फरक नऊशे रुपयांच्या वर जातो. भाडं आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे हे पैसे थेट मालकाच्या खिशातून जातात.

एव्हरेज काढायची पद्धत तशी सगळ्यांना माहीत आहे. टाकी पूर्ण भरायची आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवायचे. गाडी नेहमीसारखी चालवायची. पुढच्या वेळी टाकी पुन्हा पूर्ण भरायची. या दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले, तितकेच मधल्या काळात जळले. दोन नोंदींमधल्या किलोमीटरना त्या लिटरने भागायचं. पहिल्या वेळी किती लिटर भरले याचा या हिशेबात काही संबंध नाही. त्या भरण्याचं काम एवढंच, की मोजणी कुठून सुरू झाली याची एक पक्की खूण मिळावी. बरेच जण इथेच घसरतात. आज 40 लिटर भरले, पुढच्या भरणीपर्यंत 450 किलोमीटर झाले, म्हणून 450 भागिले 40 करतात. पण ते 40 लिटर आधीच्या प्रवासाचे होते, या 450 किलोमीटरचे नव्हे.

पद्धत सोपी असली तरी ती सगळी ‘पूर्ण’ या एका गोष्टीवर टेकलेली आहे. टाकी पूर्ण भरली हे ठरवतं कोण? पंपावरचं नोझल.

नोझलच्या टोकाशी, आतल्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथून एक पातळ नळी दांड्यापर्यंत जाते. इंधन वाहत असताना नोझलमधल्या अरुंद जागेतून जातं, तिथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने भोकातून हवा आत खेचली जात राहते. टाकीतलं इंधन चढत चढत त्या भोकाला टेकलं की हवा यायची बंद होते. दांड्यातल्या पडद्यामागे निर्वात तयार होतो, पडदा खेचला जातो, खिट्टी सुटते आणि खट् असा आवाज होऊन प्रवाह थांबतो, यालाच कट म्हणतात. यात वीज नाही, सेन्सर नाही. टाकीत किती लिटर आहेत हे नोझलला ठाऊकही नसतं. त्याला फक्त एवढंच कळतं, की भोकाशी काहीतरी द्रव आला.

आता डिझेलला फेस येतो, पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त. नोझल जोरात सोडलं की फेसच आधी भोकाला टेकतो आणि टाकीत जागा शिल्लक असताना खट् होतं. ट्रकसाठीच्या जास्त वेगाच्या नोझलने पिकअप भरली तर हे हमखास घडतं. नोझल किती आत घातलं, कोणत्या कोनात धरलं, यानेही कटची पातळी बदलते. शिवाय पिकअपची टाकी सहसा चासीच्या एका बाजूला लांबट पेटीसारखी बसवलेली असते आणि तिचं तोंड बाजूला असतं. गाडी त्या बाजूला किंचित कललेली असेल तर टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हवा अडकते. पंपांच्या जमिनीला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेलाच असतो. त्यात मागे दीड टन माल असला की गाडी मागून बसते आणि टाकीची पातळी आणखी बदलते. या सगळ्याचा मिळून फरक एक-दीड लिटरपर्यंत सहज जाऊ शकतो.

म्हणून एव्हरेज मोजायचा असेल तर शक्य तितकं सगळं सारखं ठेवावं: तोच पंप, तीच जागा, गाडीचं तोंड त्याच दिशेला, गाडी रिकामी. आणि पहिल्या कटला थांबायचं. पंपावरचा मुलगा बहुतेक वेळा पहिल्या कटनंतर थोडं थोडं सोडत रक्कम गोल करायला बघतो, 3,940 झाले की 4,000 करतो. त्याला आधीच सांगावं, ‘भैया, पहले कट पे छोड़ देना’. रक्कम 3,941 रुपये 37 पैसे आली म्हणून काही बिघडत नाही. शंभरऐवजी एकशेदहाचं टाकलं की जास्त मिळतं, ही समजूतही सोडून द्यावी. रुपये सांगा की लिटर, यंत्र एकाच मोजणीवरून दोन्ही आकडे दाखवतं.

कटच्या पुढे भरू नये याला हिशेबापलीकडचंही एक कारण आहे. डिझेल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण हजारात 0.83 भाग. रायपूरच्या मे महिन्यात सकाळी 28 अंशांचं 50 लिटर डिझेल भरलं आणि गाडी भर दुपारी उन्हात उभी राहून ते 45 अंशांवर गेलं, तर तेच डिझेल सुमारे पाऊण लिटर जास्त जागा मागतं. टाकी बनवणाऱ्याने वर ठेवलेली मोकळी जागा त्यासाठीच असते. गळ्यापर्यंत ठासून भरलं की डिझेल झाकणातून झिरपतं आणि तुम्ही मोजलेले लिटर रस्त्यावर सांडतात. उलट दर उन्हाळ्यात ‘टाकी अर्धीच भरा, नाहीतर स्फोट होईल’ असा संदेश फिरतो, तोही खोटा. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं सुरक्षित आहे, असा खुलासा तेल कंपन्यांनी अनेकदा केलेला आहे.

आता मूळ प्रश्न. एवढी काळजी घेऊनही लिटरभराचा फरक राहणारच. मग आकड्यावर विश्वास ठेवायचा कसा?

छोट्या भरणीत ही चूक मोठी दिसते. 20 लिटर भरताना दीड लिटरचा फरक पडला, तर एव्हरेज साडेसात टक्क्यांनी हलतो. म्हणजे खरा बारा असलेला आकडा अकराही दिसेल आणि तेराही. 45 लिटरच्या भरणीत तोच फरक सव्वातीन टक्क्यांवर येतो. पण खरी गंमत सलग नोंदींमध्ये आहे. आज नोझल लवकर कटलं आणि टाकीत एक लिटर कमी बसलं, तर पुढच्या वेळी ते एक लिटर आपोआप जास्त बसतं. आजची चूक पुढच्या नोंदीत फिटते, खातेवहीतली मागची बाकी पुढच्या पानावर ओढावी तशी. म्हणून दहा भरण्यांचे एकूण किलोमीटर घेऊन एकूण लिटरने भागलं, की मधल्या सगळ्या चुका आपसात फिटून जातात. शिल्लक राहते ती फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या कटची. साडेचारशे लिटरच्या हिशेबात दीड लिटर म्हणजे टक्क्याचा तिसरा हिस्सा.

माझं मत विचाराल तर एका टाकीच्या एव्हरेजवर कधीच निर्णय घेऊ नये. मेकॅनिककडे जाऊ नये, ड्रायव्हरला बोलू नये, नव्या इंजिन ऑइलचं कौतुकही करू नये. एका टाकीचा आकडा हा बराचसा नोझलचा आकडा असतो.

वही कशी ठेवायची? साधी, रेघांची, गाडीत कायम राहणारी. तारीख, मीटरचे किलोमीटर, लिटर दोन दशांशांपर्यंत, टाकी फुल की अर्धवट, पंप कोणता आणि शेवटी एक शेरा: शहर, हायवे, भरलेली, रिकामी. रुपयांचा रकाना हवा असेल तर ठेवा, पण एव्हरेज रुपयांवरून काढू नका. 16 जून 2017 पासून देशभर दर रोज बदलू शकतात, त्यामुळे मागच्या महिन्यातल्या दोन हजारांचं आणि या महिन्यातल्या दोन हजारांचं डिझेल सारखं असेलच असं नाही. पावतीवर लिटर, दर आणि रक्कम तिन्ही असतात. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून पावती जपण्यापेक्षा आकडे उतरवून घेतलेले बरे.

रोजच्या धंद्यात दर वेळी टाकी फुल करायला पैसे हाताशी नसतात. हजाराचं टाकलं, गाडी निघाली. त्याने हिशेब मोडत नाही, फक्त लांबतो. समजा टाकी फुल केली तेव्हा मीटर 64,210 होतं. मग 64,395 वर 15 लिटर अर्धवट भरले. मग 64,722 वर टाकी फुल केली, 26.4 लिटर बसले. मधल्या नोंदीवर भागाकार करायचा नाही. फुल ते फुल अंतर 512 किलोमीटर, दोन्ही भरण्यांचे मिळून 41.4 लिटर, एव्हरेज 12.37. मधली एक जरी अर्धवट भरणी लिहायची राहिली, तर एव्हरेज एकदम एकोणीस दिसायला लागतो आणि मालक खूश होतो. वहीतला फार चांगला आकडा दिसला की आधी राहून गेलेली नोंद शोधावी.

आणखी एक खड्डा, ज्यात हिशेबात तरबेज माणसंही पडतात. हायवेवर 420 किलोमीटरला 30 लिटर लागले, एव्हरेज 14. नंतर शहरात 180 किलोमीटरला 20 लिटर, एव्हरेज 9. दोन्हींची सरासरी साडेअकरा? नाही. एकूण 600 किलोमीटर, एकूण 50 लिटर, म्हणजे 12. एव्हरेजांची सरासरी काढायची नसते. बेरीज आधी, भागाकार शेवटी.

याच भागाकाराचा आणखी एक परिणाम सहज लक्षात येत नाही. दहाचा एव्हरेज अकरा झाला तर 100 किलोमीटरमागे 0.91 लिटर वाचतं. चौदाचा पंधरा झाला तर 0.48 लिटरच. सुधारणा दोन्हीकडे एकाचीच, पण बचत निम्मी. तुमच्याकडे जुनी आणि नवी अशा दोन गाड्या असतील, तर जुनीवर केलेला खर्च आधी वसूल होतो.

आता रस्त्याकडे वळू. बुढापारा, सदर बाजार, गोल बाजार हा जुन्या रायपूरचा पट्टा. रस्ते अरुंद, सायकली, ई-रिक्षा, मधेच थांबलेला हातठेला. पिकअपचं इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत राहतं. उभ्या गाडीत चालू असलेलं असं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल पितं आणि किलोमीटर शून्य. माल उतरवताना हमालांना वीस मिनिटं लागणार असतील तर चावी बंद करावी, हे सांगण्यासारखं नाही, पण बाजारात उभ्या गाड्यांचा आवाज ऐकला की सांगावंसं वाटतं.

टाटीबंधच्या पुढे गाडी राष्ट्रीय महामार्ग 53 ला लागली की चित्र पालटतं. दुर्ग, राजनांदगाव, मग बागनदीपाशी राज्याची हद्द, पलीकडे गोंदिया जिल्ह्यातलं देवरी, साकोली, भंडारा आणि नागपूर. रायपुरातल्या मराठी घरांना हा रस्ता तोंडपाठ असतो, लग्नं आणि दिवाळी याच वाटेने होतात. बहुतेक रस्ता सपाट, गाडी वरच्या गिअरमध्ये राहते. इथे डिझेल खातो तो हवेचा अडथळा. वेग वाढेल तसा हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठला जितका होता त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट ऐंशीला होतो. त्यात मागच्या डाल्यावर मंडपाची बांधाबांध उंच असेल आणि ताडपत्री फडफडत असेल, तर गाडी वाऱ्याशी कुस्ती खेळतच नागपूरला पोचते. ताडपत्री घट्ट बांधणं ही फुकटातली सुधारणा आहे.

याच खेपेचा हिशेब मांडून बघा. जाताना दीड टन माल, एव्हरेज 11 धरा, 290 किलोमीटरला 26.4 लिटर. येताना रिकामी, एव्हरेज 14, 20.7 लिटर. मिळून 47.1 लिटर आणि एव्हरेज 12.3. येताना भंडाऱ्याहून थोडा माल मिळाला तर एव्हरेज घसरेल, बारा होईल, साडेअकरा होईल, पण पैसे मात्र जास्त सुटतील. मालवाहू गाडीत एव्हरेज उत्तम असणं म्हणजे कधी कधी गाडी रिकामी धावली एवढंच असतं. शेऱ्याचा रकाना त्यासाठी हवा. दक्षिणेकडे जगदलपूरला जाणाऱ्यांचा आकडा तर केशकालच्या घाटाने वेगळाच होतो. त्या खेपा नागपूरच्या खेपांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

लिटरची बाजू झाली, आता किलोमीटरची. मीटर खरं बोलतं का? मीटरला चाकाचे फेरे कळतात, रस्ता कळत नाही. चाकाचा घेर किती हे कारखान्यात धरलेलं असतं. पिकअपच्या चाकाचा व्यास 70 सेंटिमीटरच्या आसपास असतो. टायर झिजून रबराची जाडी 7 मिलिमीटरने कमी झाली, की व्यास 14 मिलिमीटरने घटतो, म्हणजे दोन टक्क्यांनी. तेवढ्याच अंतराला चाक दोन टक्के जास्त फिरतं आणि मीटर तेवढे जास्त किलोमीटर दाखवतं. झिजलेल्या टायरवर एव्हरेज थोडा चढलेला दिसतो आणि नवे टायर टाकले की ‘गाडीचा एव्हरेज पडला’ अशी तक्रार सुरू होते. टायर निरपराध असतात. तपासायचं असेल तर महामार्गावरचे किलोमीटरचे दगड आहेतच, राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो. ट्रिप मीटर शून्य करून वीसेक किलोमीटर दगडांशी ताडून बघावं. जिथे बायपास किंवा उड्डाणपूल नव्याने झाला आहे, तिथे दगडांचा क्रम चुकलेला असतो, तो तुकडा टाळावा. मोबाइलवरचं जीपीएसही या कामाला पुरेसं आहे.

डॅशबोर्डच्या काट्याबद्दल दोन शब्द पुरेत. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याच्या दांडीवरून काटा हलतो. गोळा टाकीच्या छताला लागल्यावर वर आणखी डिझेल असलं तरी काटा तसाच राहतो. म्हणून फुल केल्यावर काटा बराच वेळ जागचा हलत नाही आणि नंतर एकदम घाई करतो. त्यावरून एव्हरेज काढू नये. पण काटा लाल पट्टीत जाईपर्यंत गाडी पळवूही नये. डिझेल गाडीत टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये हवा शिरते. मग टाकी भरूनही गाडी सुरू होत नाही, हातपंप दाबून हवा काढावी लागते. कॉमन रेल इंजिनांत तर उच्च दाबाच्या पंपाला वंगण म्हणून डिझेलच लागतं, कोरडं चालणं त्याला महागात पडतं. पावसाळ्यात रिकाम्या टाकीच्या भिंतींवर बाष्प साचतं, ते पाणी तळाशी बसतं आणि फिल्टरपर्यंत जातं. चतुर्थांश टाकी राहिली की भरावी, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम यासाठी योग्य आहे.

पंप खरं मोजतो का, हा प्रश्न या विषयात येतोच. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं इंधन यंत्रातल्या मापकातून जातं. त्यातले दट्टे ठरावीक आकारमान पुढे ढकलत फिरतात आणि त्या फिरण्याला जोडलेला पल्सर प्रत्येक फेऱ्याला विद्युत ठोके देतो, ते मोजून पडद्यावर लिटर दिसतात. हे यंत्र वर्षातून एकदा शासनाच्या वैधमापन खात्याकडून तपासून सील केलं जातं. छत्तीसगडात लोक त्याला नापतौल म्हणतात. प्रत्येक पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप असतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. 5 लिटरला 25 मिलिलिटर इतकी घट-वाढ चालते, म्हणजे अर्धा टक्का. 45 लिटरच्या टाकीत ती सव्वादोनशे मिलिलिटर झाली. तेवढी कमी भरली तर अडीच-तीन किलोमीटरची गोष्ट, त्यावरून भांडायला जाऊ नये.

पण खरी लबाडी कशी होते, हे 2017 मध्ये उघड झालं. त्या वर्षी एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशाच्या विशेष कृती दलाने लखनौमधल्या पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रांत बसवलेल्या चिप सापडल्या. रिमोटचं बटण दाबलं की माप कमी मिळायचं. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या बऱ्याच पंपांवर अशाच कारवाया केल्या. ज्या यंत्रात रिमोट आहे, तिथे पाच लिटरचं माप मागितल्यावर बटण बंद करता येतं. म्हणजे समोर उभं राहून केलेली तपासणी तिथे फसू शकते. वही फसत नाही, कारण ती कोणासमोर उघडलेली नसते. एका पंपावर सलग पाच-सहा भरण्या केल्या, मग दुसऱ्या पंपावर तितक्याच केल्या, कामाची जात सारखी ठेवली आणि एकूण एव्हरेजमध्ये पाच टक्क्यांचा फरक टिकून राहिला, तर माप मागायला जायला कारण आहे. त्याआधी आरोप करू नये. एका भरणीत तेवढा फरक नुसत्या फेसानेही पडतो.

भरताना शून्य बघायला सगळे शिकले आहेत. रायपुरात तर पंपावरचा मुलगाच ‘जीरो देख लीजिए’ म्हणतो. पण शून्य बघून नजर लगेच मोबाइलकडे वळते. नजर शेवटपर्यंत यंत्रावर ठेवावी आणि मधे नोझल थांबवून पुन्हा सुरू केलं, तर आकडा मागच्याच जागेवरून पुढे गेला का ते पाहावं. पहाटे थंड डिझेल घट्ट असतं म्हणून जास्त मिळतं, हा सल्लाही ऐकू येतो. जमिनीखालच्या टाकीत दिवसरात्रीचा फरक जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे पहाटे उठून फायदा नाही. जानेवारी आणि मे यांच्यात मात्र फरक पडू शकतो. डिझेल 15 अंशांनी जास्त गरम मिळालं, तर त्याच लिटरमध्ये इंधन सव्वा टक्क्याने कमी असतं. उन्हाळ्यातल्या एव्हरेजची तुलना मागच्या उन्हाळ्याशी करावी ती यासाठी.

वही सहा महिने चालली की ती बोलायला लागते. एव्हरेज हळूहळू, महिन्यामागून महिना उतरत असेल तर एअर फिल्टर, टायरमधली हवा, इंजेक्टर या क्रमाने बघावं. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. आकडा एकदम पडला असेल तर ब्रेक चिकटतोय का पाहावं. दहा किलोमीटर चालवून प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न लावता नुसता धरला, तरी एखादं जास्त तापलेलं लगेच कळतं. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत आणखी एक कारण असू शकतं. सायलेन्सरच्या वाटेवरच्या गाळणीत काजळी साठते आणि ती जाळायला इंजिन अधूनमधून जास्तीचं डिझेल खर्च करतं. तलाव ते गोल बाजार अशा तुटक फेऱ्यांत ही जळण्याची क्रिया अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. अशा गाडीला मधूनमधून महामार्गावर तासभर पळवलेलं बरं.

मंडपवाल्यांच्या आणि केटरिंगवाल्यांच्या वहीत एक गळती वेगळीच असते. लग्नाच्या रात्री जनरेटरचं डिझेल संपतं आणि पिकअपच्या टाकीतून पाच लिटर काढले जातात. वहीत ते कुठेच येत नाहीत. ते ‘उणे’ म्हणून लिहावेत. त्याहून चांगलं म्हणजे जनरेटरचा ड्रम वेगळा भरावा आणि भरताना तो गाडीच्या डाल्यावर न ठेवता खाली जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर वीज साठून ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो.

पेट्रोलवरच्या ‘छोटा हत्ती’ मिनी ट्रकसाठी पद्धत हीच, पण जुने आकडे आणि आताचे आकडे एका रांगेत ठेवताना पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल लक्षात घ्यावं लागतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. सीएनजी तर किलोवर मिळतो. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाडीत दोन वेगळ्या वह्या नसतील तर हिशेब न केलेला बरा.

राहता राहिला ड्रायव्हर. वही त्याच्याच हातात असते, आकडे तोच लिहितो. एव्हरेज कमी आला की पगारातून कापणारे मालक आहेत. त्यांच्या वहीत काही दिवसांनी एव्हरेज अगदी छान दिसतो, कारण तो लिहिलेला असतो, मोजलेला नसतो. वाचलेल्या डिझेलमधला वाटा ड्रायव्हरला देणं हा त्याहून शहाणा मार्ग. पण तो वाटा महिन्याच्या महिन्याला काढू नये. महिन्याच्या शेवटच्या भरणीत नोझल दोन लिटर आधी थांबवलं, की त्या महिन्याचा एव्हरेज चढतो आणि उणीव पुढच्या महिन्यावर जाते. वर्षाच्या बेरजेत ही युक्ती चालत नाही, तिथे दोन लिटरला किंमतच उरत नाही. दसऱ्याला गाडीची पूजा होते, त्या दिवशी मालक आणि ड्रायव्हर दोघांनी मिळून पंपावर जावं, टाकी पहिल्या कटपर्यंत भरावी, मीटर बघावं आणि मागच्या दसऱ्यापासूनची बेरीज तिथेच करावी.